पाणी प्यायला उठायची वेळ

दुकानात शिरून कोणी "मावशी, एखादा चांगला पिक्चर सुचवा ना" म्हटलं, की मावशी चष्मा कपाळावर ढकलते आणि एकच प्रश्न विचारते, "कोणाबरोबर बघणार?" याचं खरं उत्तर मिळाल्याशिवाय ती खुर्चीवरून हलत नाही. एकटे बघणार असाल तर एक पिक्चर, मैत्रिणीबरोबर असाल तर दुसरा, आणि सोफ्यावर आईवडिलांच्या मधोमध बसून बघणार असाल तर तिसराच. पिक्चर चांगला की वाईट हे तिच्या लेखी नंतरचं. शेजारी कोण बसलंय ते आधी.

दुकान म्हणजे दहा बाय बाराची एक खोली. डाव्या हाताला किल्ल्या बनवणारा, उजव्या हाताला औषधांचं दुकान. पूर्वी इथे कॅसेट भाड्याने मिळायच्या, मग सीडी. आता जो तो फोनवर बघतो, तेव्हा हे दुकान कधीच बंद पडायला हवं होतं, असं गल्लीतल्या सगळ्या शहाण्यांचं मत आहे. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय! तुम्हाला काय आवडेल ते फोन सांगतो, पण तुमच्या शेजारी तुमचे आजोबा बसलेत हे त्याला कुठे ठाऊक? म्हणून काहीजण अजून सीडीच नेतात, आणि बाकीचे पिक्चर फोनवर बघतात पण चिठ्ठी मावशीकडून नेतात.

चिठ्ठी ही मावशीची खरी विद्या. चार बोटं रुंद कागद आणि त्यावर पेन्सिलीने तीन ओळी. पहिल्या ओळीत पिक्चर किती वेळाचा. दुसरीत शेवटी कोण जगतं, कोण मरतं. आणि तिसरीत नुसतं 'पाणी' आणि पुढे आकडा. 'पाणी ५२, चार मिनिटं' याचा अर्थ असा, की ज्याला संकोच वाटणार असेल त्याने बावन्नाव्या मिनिटाला पाणी प्यायला उठावं आणि चार मिनिटं स्वयंपाकघरात काढून परत यावं.

ही तिसरी ओळ एका चुकीतून आली. औषधवाल्याच्या मुलीने एकदा दोन बायकांच्या प्रेमाचा एक पिक्चर नेला. एकटी बघणार म्हणाली आणि ऐन वेळी तिची आजी येऊन शेजारी बसली. दुसऱ्या दिवशी पोरगी तणतणत आली. "मावशी, सांगायचं तरी होतंत! आजी विचारते, या दोघी एवढ्या चिकटून का बसल्यात, थंडी आहे का तिथे?"

"मग तू काय म्हणालीस?"

"हो म्हणाले. खूप थंडी आहे म्हणाले. मग आजीने मलाच पांघरूण आणून दिलं."

मावशी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग त्याच दिवसापासून हातात घड्याळ घेऊन एकेक पिक्चर पुन्हा बघायला बसली. दुसऱ्याच्या पोरीची अशी पंचाईत आपल्यामुळे झाली, हे तिच्या मनाला लागलं होतं.

असे पिक्चर दुकानात तिसऱ्या फळीवर असतात. बायकांवर प्रेम करणाऱ्या बायका, पुरुषांवर प्रेम करणारे पुरुष, सगळे तिथे. फळ्यांवरच्या पाट्या रंगवल्या मावशीच्या थोरल्या भावाने. दादा पेशाने पेंटर, म्हणजे पाट्या रंगवणारा. गावातल्या निम्म्या दुकानांची नावं त्याच्या हातची. 'मारामारी', 'विनोदी', 'रहस्य' अशा पाट्या झाल्यावर त्याने विचारलं, "आणि या तिसऱ्या फळीवर?"

"प्रेम," मावशी म्हणाली.

"प्रेम वर झालंय की."

"वरचं पुसून तिथे 'लग्न' लिही."

दादाने तिच्याकडे पाहिलं आणि तिने सांगितलं तसं केलं. फक्त खालचं 'प्रेम' वरच्या 'लग्ना'पेक्षा बरंच बारीक काढलं. मावशीच्या ते लक्षात आलं होतं. अजूनही रोज येतं.

या फळीवरचा पहिला पिक्चर देताना तिचा एक नियम आहे. पहिल्याच पिक्चरमध्ये कोणी मरता कामा नये. "या पिक्चरवाल्यांना काय झालंय कळत नाही," ती म्हणते, "दोघी जरा सुखाने चहा प्यायला बसल्या, की एकीला खोकला सुरू होतो." मुलाने घरी सगळं सांगितल्यावर गोंधळून गेलेली एक आई आली, तेव्हा मावशीने तिला चक्क विनोदी पिक्चर दिला. बाई म्हणाली, "अहो, मी रडायच्या तयारीने आले होते." मावशी म्हणाली, "म्हणूनच." खाली मान घालून येणाऱ्या बँकेतल्या कारकुनाला तिने दोन म्हाताऱ्या बेकरीवाल्यांचा पिक्चर दिला. दीड तास दोघे पीठ, भट्टी आणि घोरणं यांवरून भांडतात, बस्स. परत करताना कारकून म्हणाला, "यात काही घडतच नाही."

"तेच तर," मावशी म्हणाली. कारकुनाने तोच पिक्चर पुढे तीनदा नेला, आणि आता तो मान वर करून येतो.

मावशीचा सल्ला कधी चुकत नाही अशी तिची ख्याती आहे, आणि ती स्वतःही ते नाकारत नाही. खोटा विनय तिला जमत नाही. पण दिव्याखाली अंधार म्हणतात तसं, ज्या एका माणसाला यातला एखादा पिक्चर दाखवायला हवा होता, त्याच्याकडे ती सव्वीस वर्षांत वळली नव्हती.

सव्वीस वर्षांपूर्वी ड्यूटी संपवून एक नर्स दुकानात आली होती. मावशीने तिला नेहमीचा प्रश्न विचारला, "कोणाबरोबर बघणार?" नर्स म्हणाली, "एकटीच. तुम्ही येणार असाल तर दोघी." इतकं थेट उत्तर मावशीला तोवर कोणी दिलं नव्हतं. दोन वर्षं गेली आणि सिस्टर आपली ट्रंक घेऊन वरच्या मजल्यावर राहायला आली. घर मावशीच्या वडिलांचं. खाली दादा आणि वहिनी, वर मावशी आणि सिस्टर. आई अंथरुणाला खिळली तेव्हा दोन वर्षं तिला उठवणं, बसवणं, पाठ पुसणं सगळं सिस्टरने केलं. दादा येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने सांगायचा, "भाडेकरू फार चांगली मिळाली हो आम्हाला."

भाडं कधी कोणी मागितलं नाही की दिलं नाही, तरी भाडेकरू! खाली चहाला बोलावलं की घरच्यांना स्टीलचे पेले आणि सिस्टरला काचेचा, पाहुण्यांचा. सिस्टर हसून म्हणायची, "माझा पेला चकचकीत तरी आहे." मावशी हसायची नाही. तिला ते दर वेळी टोचायचं आणि दर वेळी ती गप्प बसायची. दुसऱ्यांच्या घरातल्या गाठी सोडवणारी बाई स्वतःच्या घरात मूग गिळून बसली होती, हे काही बरं नव्हतं. तिलाही ते कळत होतं.

मग पत्राचं प्रकरण झालं. जुना पोस्टमन निवृत्त झाला आणि नवा आला. सिस्टरच्या पेन्शनचं पत्र त्याने परत पाठवलं आणि त्यावर शेरा मारला, 'या पत्त्यावर ही व्यक्ती राहत नाही.' पेन्शन थांबली. कचेरीत जाऊन सिस्टरला खिडकीपाशी उभं राहून सांगावं लागलं, की मी आहे, तिथेच राहते, दोन तपं राहते. तिथल्या कारकुनाने विचारलं, "दारावर नाव आहे का?" सिस्टर घरी आली, पायरीवर बसून चपला काढल्या आणि म्हणाली, "खरं आहे त्याचं. नाहीये."

घराला नुकताच रंग दिला होता. वडिलांच्या नावाची जुनी पाटी उतरवून ठेवली होती आणि दादा नवी करणार होता. मावशी त्याच दिवशी खाली गेली. दादा अंगणात फळीला पॉलिश पेपर घासत होता.

"दादा, पाटीवर सिस्टरचंही नाव घाल."

"भाडेकरूंची नावं पाटीवर घालत नसतात," दादा वर न बघता म्हणाला. "पत्रपेटीवर चिकटव हवं तर एक कागद."

मावशीच्या ओठांवर दहा उत्तरं आली, एकाहून एक झणझणीत. पण दादाला ती लहानपणापासून ओळखत होती. त्याच्याशी भांडलं की तो कासवासारखा आत जातो आणि आठवडाभर मान बाहेर काढत नाही. तिने फक्त विचारलं, "पाटी कधी लावणार?"

"सोमवारी."

त्या दिवशी शुक्रवार होता. म्हणजे हातात एक रविवार. मावशी दुकानात आली, शटर निम्मं खाली ओढलं आणि तिसऱ्या फळीसमोर उभी राहिली. कोणाबरोबर बघणार? दादाबरोबर. मग काय द्यायचं? आयुष्यात पहिल्यांदाच तिचा हात फळीवर नुसता फिरत राहिला. दादाला उपदेश चालत नाही. रडारड चालत नाही. पिक्चर बघताना तो माणसं बघतच नाही, दुकानांच्या पाट्या बघतो आणि मोठ्याने म्हणतो, "हे अक्षर बघ, कावीळ झाल्यासारखं." एकदा एका पिक्चरमध्ये नायिका मरत होती आणि हा दवाखान्याच्या बोर्डाला नावं ठेवत होता.

आणि तिथेच मावशीचा हात थांबला. फळीच्या कोपऱ्यात एक जुना, फारसा कोणी न नेलेला पिक्चर होता. ती त्याला 'होडीवाल्या' म्हणायची. समुद्रकाठच्या गावात एक बाई होड्यांवर नावं रंगवते आणि दुसरी एक होडीची मालकीण आहे. मावशीने तो काढला, चिठ्ठी तपासली. 'एक तास अडतीस. दोघी जगतात. पाणी ४१, चार मिनिटं.'

घरी जाऊन तिने सीडी दादाच्या हातात ठेवली. "यात एक बाई पाट्या रंगवते. ब्रश धरता येतो का तिला, की उगाच नाटक करते, ते मला तू सांग. रविवारी चार वाजता आम्ही दोघी खाली येतो."

"दोघी कशाला?" दादा म्हणाला, पण सीडी त्याने ठेवून घेतली. दुसऱ्याचा ब्रश चुकीचा आहे हे सिद्ध करायची संधी तो सोडणाऱ्यातला नव्हता.

मावशीने वहिनीला बाजूला घेतलं. "वहिनी, तुला आधीच सांगते, पिक्चर जरा..."

"होडीवाल्या ना?" वहिनी भांडी पुसत म्हणाली. "दोनदा बघितलाय."

"कुठून?"

"कोपऱ्यावरची पार्लरवाली तुझ्याकडून दर आठवड्याला दोन सीडी न्यायची, ती काय स्वतःसाठी? तुझी तिसरी फळी माझी केव्हाच संपली. दुपारी हे कामावर गेले की मी काय भिंतीकडे बघत बसू?"

मावशी तोंडाचा आ करून उभी राहिली. तिला नेहमी वाटायचं, पार्लरवालीची आवड फार चोखंदळ आहे.

सिस्टर मात्र तयार नव्हती. "काचेच्या पेल्यातून चहा प्यायला आणि भाडेकरू म्हणून बसायला मला नाही यायचं. पत्रपेटीवर कागद लावू आपण."

"नाही लावायचा," मावशी म्हणाली. "माझा सल्ला कधी चुकलाय?"

"दुसऱ्यांसाठी नाही चुकला."

"मग रविवारी आपल्यासाठी बघू. आणि चुकलाच तर तुझ्याबरोबर मीही पत्रपेटीवर. माझंही नाव पाटीवरून काढायला सांगेन." हे मावशी अगदी गंभीरपणे बोलली. सिस्टरने तिच्याकडे बघितलं आणि इस्त्री केलेली साडी कपाटातून काढून ठेवली.

रविवारी चार वाजता चौघं खालच्या खोलीत बसली. दादा त्याच्या वेताच्या खुर्चीत, कानावर पेन्सिल. बाजूला स्टुलावर वर्तमानपत्राने काहीतरी झाकून ठेवलं होतं. वहिनी आणि सिस्टर सोफ्यावर, मावशी दाराजवळच्या बुटक्या मोढ्यावर, म्हणजे वेळ आली की पटकन उठता यावं.

पहिली वीस मिनिटं दादाने कोणाला ऐकू दिलं नाही. "ब्रश बरोबर धरलाय. मनगट नाही, खांदा हलतोय, शाबास. ही खरीच पेंटर दिसते." मग होडीची मालकीण आली, पांढऱ्या होडीवर नाव रंगवायला सांगून गेली. पेंटरबाईने नाव काढलं. दुसऱ्या दिवशी खरवडलं. पुन्हा काढलं. पुन्हा खरवडलं.

"हे काय?" दादा चिडला. "पहिलंच उत्तम होतं! चांगला वाळलेला रंग खरवडतेय. कामचुकार कुठली." पेंटरबाईने तिसऱ्यांदा खरवडलं आणि दादा बोलता बोलता थांबला. पुढे वाकून बघू लागला. मग हळू आवाजात म्हणाला, "मुद्दाम चुकतेय ती. काम संपू नये म्हणून."

"अहो," वहिनी पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, "आमच्या बाबांच्या दुकानाची पाटी तुम्ही किती दिवस रंगवत होतात?"

दादाने मान खाली घातली. "वीस."

"अक्षरं किती होती?"

"सात."

वहिनी खुदकन हसली. दादाही हसला, कानापर्यंत लाल होत. मावशीने हा पिक्चर काढला होता तो एवढ्यासाठीच. ही वीस दिवसांची गोष्ट तिने लग्नाच्या आधीपासून ऐकलेली होती. पण खरी अडचण पुढेच होती. तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. एकोणचाळीस. चाळीस. दादा उठून जाईल का? की त्याच्या आधी आपणच उठून ती चार मिनिटं निभावून न्यावीत? पडद्यावर दोघी होडीच्या शेडमध्ये आल्या, दार लोटलं गेलं, आणि मावशी मोढ्यावरून अर्धी उठली.

"कुठे चाललीस?" दादा म्हणाला.

"पाणी आणते जरा."

"बस खाली. पाणी इथे आहे."

त्याने स्टुलावरचं वर्तमानपत्र उचललं. खाली पाण्याचा तांब्या होता आणि चार पेले. चारही स्टीलचे. "सीडीतली चिठ्ठी वाचली मी," तो म्हणाला. "चार मिनिटांसाठी एवढी उठबस कशाला?" त्याने एकेक पेला भरला आणि पहिला सिस्टरच्या हातात दिला. सिस्टरने तो दोन्ही हातांनी घेतला. मावशी मोढ्यावर बसली ती बसलीच.

पडद्यावर त्या दोघींनी एकमेकींना जवळ घेतलं, चुंबन घेतलं, आणि खोलीत कोणी हललं नाही. दादा पाण्याचा घोट घेत, मान ताठ ठेवून सरळ समोर बघत राहिला. मध्ये एकदाच बोलला. "रंगाचे डबे उघडे ठेवलेत. साय धरेल." सिस्टरला हसू आवरेना. मग वहिनीला, मग मावशीला. हसता हसता मावशीच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते नेहमीचं हसण्याचं नव्हतं.

पिक्चर संपला. सगळी नावं वर सरकून जाईपर्यंत दादा ती अक्षरं बघत बसला. मग त्याने खिशातून मावशीची चिठ्ठी काढली, उलटी करून मांडीवर ठेवली आणि कानावरची पेन्सिल हातात घेतली.

"सिस्टर," तो म्हणाला, "तुमचं पूर्ण नाव काय?"

त्या घरात सिस्टरला सगळे सिस्टरच म्हणत. आईसुद्धा शेवटपर्यंत तेच म्हणत गेली. पूर्ण नावाची खालच्या मजल्यावर कोणाला कधी गरजच पडली नव्हती. सिस्टरने हातातला पेला खाली ठेवला. तिने आपलं नाव सांगितलं, वडिलांचं सांगितलं, आडनाव सांगितलं. दादाने तिन्ही शब्द एकाखाली एक लिहिले आणि अंगठ्याने लांबी मोजली.

"मोठं आहे हो माझं नाव," सिस्टर घाईने म्हणाली. "बारीक अक्षरात काढलंत तरी चालेल."

"बारीक कशाला?" दादा म्हणाला. "पाटी मोठी घेऊ."